काठावरचं घर

नकाशा त्यानेच काढलेला होता, त्यामुळे त्यात आपलं घर शोधायची त्याला कधी गरज पडली नव्हती. तरी त्या रविवारी सकाळी पक्षाच्या कचेरीत चहाचा कप हातात घेऊन तो भिंतीपाशी उभा राहिला आणि आरशासमोरून जाताना माणूस उगाच केसांवरून हात फिरवतो, तशी त्याची नजर नकाशातल्या त्या कोपऱ्यातल्या चौकोनाकडे वळली. चौकोनात अर्धा गोल होता. शिसपेन्सिलीने, रेघेबाहेर न जाता, नीट भरलेला अर्धा गोल. पूर्ण भरलेला गोल म्हणजे आपलं घर, नुसता कोरा म्हणजे त्यांचं, आणि अर्धा म्हणजे काठावरचं, अजून न ठरलेलं, पुन्हा जाऊन बसायला हवं असं. ही खूणही त्याचीच. पूर्वी रंगीत कागदाच्या टिकल्या चिकटवायचे. त्यांचा रंग उन्हाने उडायचा, त्या गळून पडायच्या, आणि मतदानाच्या तोंडावर कुठलं घर कुणाचं यावरून कार्यकर्त्यांत हमरीतुमरी व्हायची. त्यानेच एकदा सांगितलं, टिकल्या बंद करा, पेन्सिल आणा. ड्राफ्ट्समनचा हात, दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. तेव्हापासून पक्षात त्याचं नावच ‘नकाशेवाले’ पडलं. आता नकाशेवाल्यांचं स्वतःचं घर काठावर होतं. आधी त्याला वाटलं, शेजाऱ्याची खूण चुकून इकडे आली असेल. पण शेजाऱ्याचा गोल शेजारीच होता, कोरा, गेली कित्येक वर्षं होता तसाच. चहाचा पुढचा घोट नुसता गरम लागला, त्याला चव नव्हती.

कचेरी म्हणजे एका बंद पडलेल्या दुकानाचा गाळा. अर्धं वर केलेलं शटर, खळीचा आंबूस वास, भिंतीला टेकवलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसलेली माणसं. प्रभागाचं काम बघणारे दातांचे डॉक्टर टेबलाशी बसून जोड्या ठरवत होते, कोणी कोणाबरोबर कुठल्या गल्लीत जायचं ते. डॉक्टर कुणाशीही बोलले तरी समोरचा खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडून पडला आहे असं धरून बोलत. मऊ आवाजात, आता दुखणार नाही अशा बेताने. तो टेबलाशी गेला.

“डॉक्टर, कोपऱ्यातलं ते घर माझं आहे.”

“माहीत आहे की.”

“अर्धं दाखवलंय.”

“पोस्टमनकाका आणि विमावाल्या बाई गेले होते परवा संध्याकाळी. तुम्ही प्रचाराला बाहेर असाल. वहिनी म्हणाल्या, अजून ठरलेलं नाही.” डॉक्टरांनी हात पसरले. “आता काय करायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण नियम तुमचाच आहे, दारात जे ऐकलं तेच मांडायचं.”

नियम त्याचाच होता. एका निवडणुकीत सगळ्यांनी ओळखीपाळखीवर गोल भरले होते, हा आपला मेहुणा, ती आपल्या शाळेतली, आणि सगळा नकाशा काळाकुट्ट करून टाकला होता. आणि तरीही एका जिन्यावर राहणारी माणसं काय ती इकडची तिकडे झाली, तेवढ्यावर प्रभाग हातचा गेला. त्यानंतर त्याने हा नियम केला. ओळख विसरा, दारात जे ऐकलं तेच. आणि दुसरा नियम, अर्ध्या घरी पुन्हा जायचं, पण घरचं माणूस कार्यकर्ता असेल तर त्याने मधे पडायचं नाही. “आज संध्याकाळी जातील दोघं,” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही फक्त आतल्या खोलीत बसा.” गठ्ठ्यावर बसलेलं कोणीतरी म्हणालं, काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि सगळे हसले. तोही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. हसता हसता त्याला जाणवलं की आपल्याला थांबता येत नाहीये, कारण थांबल्यावर चेहऱ्याचं काय करायचं हे ठरलेलं नव्हतं.

त्यानंतर नेहमीसारखा नव्या कार्यकर्त्यांचा वर्ग झाला आणि तो त्यानेच घेतला. त्याला हे बोलायला आवडायचं, एरवी चार माणसांत मान खाली घालून बसणारा हा माणूस इथे खुलायचा. तो सांगायचा, मोठ्या निवडणुकीत माणूस देश निवडतो, म्हणजे खरं तर काहीच निवडत नाही, वारा येतो तिकडे मान वळवतो; पण या निवडणुकीत माणूस आपल्या दारासमोरचा दिवा निवडतो, जिन्याखालचं गटार निवडतो, कचऱ्याची गाडी वळणावर थांबणार की पुढे निघून जाणार हे निवडतो. ज्याला मत दिलं तो सकाळी दूध आणायला जाताना भेटतो, म्हणून इथे खोटं बोलता येत नाही. हे वाक्य तो फार वर्षं म्हणत आला होता आणि मनापासून म्हणत होता. पक्षात तो आला तोच एका विझलेल्या दिव्यापायी. वळणावरच्या खांबावरचा दिवा, ज्याच्यासाठी त्याने अर्ज करकरून हात दुखवून घेतले होते, आणि जो आत्ताच्या नगरसेविकाबाईंनी, म्हणजे ताईंनी, निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात लावून दिला. त्या उजेडाखाली उभा राहून त्याला वाटलं होतं, आपण कुठेतरी पोचलो. मग तो दारात कसं उभं राहायचं ते शिकवायचा. बेल वाजवली की पाऊलभर मागे या, माणसाला त्याचा उंबरा मोकळा वाटला पाहिजे. वाद घालू नका. पाणी मागा, ज्याने पाणी दिलं तो कानही देतो. एकच प्रश्न विचारा, काय बदललेलं हवंय, आणि उत्तर आलं की ‘का’ म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड असतं, पण तेवढं जमलं की बाकीचं तोच माणूस करतो. मत कुणाला हे अगदी शेवटी, निघताना. आणि ठरलेल्या घरी वेळ घालवू नका. आज हे सांगताना मधेच त्याची जीभ अडखळली. नव्या मंडळींना वाटलं काका दमले, कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

घरी जायला दहा पावलांची वाट, ती त्याने लांबून काढली. गल्लीगल्लीतली दारं त्याला पाठ होती, आणि दारांपेक्षा जास्त पाणी. इतक्या वर्षांत तो इतक्या घरी पाणी प्यायला होता की डोळे बांधून पेला हातात दिला असता तरी घर ओळखलं असतं; ह्यांच्याकडे पिंपातलं, त्यांच्याकडे फ्रीजमधलं दात ठणकवणारं, कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे नेहमी पेल्याला साबणाचा वास. प्रचाराच्या दिवसांत पोट डबडबून घरी यायचा आणि बायकोला सांगायचा, आज तलाव पिऊन आलो. ती ताट वाढायला घ्यायची. मंडईत तिचा कपडे दुरुस्तीचा गाळा होता, उसवलेलं शिवणं, चेन बदलणं, विजारी कमी करणं. सकाळी मशीनवर बसली की संध्याकाळी उठायची. आणि घरी आली की त्याच्याकडे न बघता, चपला कशाबशा उडवून, पिशवी वाटेत टाकून तडक आत. कडी लागायची. तो खुर्चीत बसलेला असायचा, कधी मुद्दाम काहीतरी सांगायला थांबलेला, आणि त्याचं तोंड उघडंच राहायचं. सुरुवातीला त्याला राग यायचा. मग त्याने ते तिच्या स्वभावात जमा केलं, ही घरी येते तीच तोंड फुगवून, आणि एकदा स्वभावात जमा केलं की माणूस सुटतो. कचेरीत तो याच्यावर विनोदही करायचा, म्हणायचा, आमच्याकडे संध्याकाळी वादळ येतं आणि सरळ आत निघून जातं. विवाहित मंडळी हसायची. आज चालता चालता तो त्या कडीच्या आवाजाचा अर्थ लावत होता. काठावर. म्हणजे काय? पक्षाबद्दल की माझ्याबद्दल? त्यांच्याकडचं कोणी भेटलं का मंडईत? की ही सगळी वर्षं घरातला गोल कोणी भरलेलाच नव्हता, आपणच आपल्या हाताने काळा करून बसलो होतो? विचार एकाच गल्लीत फिरून फिरून पुन्हा तिथेच येत होते.

ती घरीच होती. रविवारी मंडई अर्धा दिवस. उरलेलं काम ती घरी आणायची. खिडकीशी बसून ती एका विजारीची शिवण उसवत होती. त्याने चपला काढल्या, हातपाय धुतले, पुन्हा बाहेर आला, वर्तमानपत्र उलटंसुलटं केलं. सरळ विचारायची सोय नव्हती. संध्याकाळी माणसं येणार होती आणि घरच्याने आधी कान भरायचे नाहीत हा नियमच होता. स्वतःच्याच बायकोशी बोलायला आपण नियम बघतोय हे त्याला विचित्र वाटलं, पण नियम मोडायला त्याचं मन धजेना.

“परवा कोण आलं होतं?”

“तुमचीच माणसं.”

“काय म्हणत होती?”

“विचारत होती.”

“मग?”

“मग सांगितलं.” तिने ब्लेडने एक टाका तोडला. “आज संध्याकाळी परत येणार आहेत म्हणे. तुम्ही आत बसा. बाहेर उभे राहून माझ्याकडे बघत बसलात तर मला बोलता येणार नाही.”

ताकास तूर लागू देईल तर शपथ. दुपार अशीच गेली. दोघं एकाच खोलीत, ती उसवतेय, तो पानं उलटतोय. आणि त्याला पहिल्यांदाच जाणवलं की या घरात तिच्या मनात काय आहे हे कळायची त्याच्याकडे कुठलीच वाट नाही. शेजाऱ्यांचं त्याला माहीत होतं, कोपऱ्यावरच्या म्हातारीचं माहीत होतं, कोण कशाने चिडतं, कोणाचं कोणाशी वाकडं, कोणाचा पोरगा कामाला लागत नाही म्हणून कोण सरकारवर राग काढतं. सगळा प्रभाग त्याच्या बोटांवर होता. हिच्याबद्दल आठवायला गेला तर हिला कारलं आवडत नाही, हे आठवलं.

ऊन उतरल्यावर बेल वाजली. तो आतल्या खोलीत गेला. लोखंडी खाट, कपाट, आणि भिंतीशी रचलेली जुनी अंथरुणं, मधे जेमतेम उभं राहण्याएवढी जागा. दाराचं लाकूड फुगलेलं असल्याने ते पूर्ण लागायचं नाही. फटीतून बाहेरच्या खोलीची एक उभी पट्टी दिसत होती, त्यात तिचा खांदा आणि मशीनचं चाक. पंखा बाहेर होता. तो खाटेच्या कडेवर बसला आणि खाट करकरली, म्हणून उठला, म्हणून मग उभाच राहिला. बाहेर चपलांचा आवाज झाला आणि मग थांबला. त्याला कळलं, बेल वाजवून दोघं पाऊलभर मागे सरले आहेत. पोस्टमनकाका निवृत्त माणूस, नाकासमोर चालणारे, सांगितलेलं तंतोतंत करणारे. विमावाल्या बाई मुळातच हुशार. लोकांना त्यांच्या मरणाबद्दल हसत हसत बोलायला लावायची त्यांना सवय होती. दोघंही त्याच्या हाताखाली तयार झालेली. इकडचं तिकडचं झालं, जिना फार उभा आहे, उकाडा फार वाढलाय. मग बाई म्हणाल्या, “वहिनी, जरा पाणी मिळेल का?” आणि त्याच्या अंगावर शहारा आला. स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा तसं. पेले वाजले. पाणी ओतल्याचा आवाज आला.

“तुम्ही नाही घेत?” बाईंनी विचारलं.

“मी दिवसाची पाणी पीत नाही.”

“आज तर रविवार आहे. घरीच आहात.”

“शरीराला कुठे रविवार कळतो? सवय गेली ती गेली.”

“का हो?” बाई म्हणाल्या. आणि मग दोघंही गप्प बसली.

ती शांतता त्याने शिकवलेली होती. त्याला माहीत होतं, आता कोणी खोकणार नाही, कोणी पेला खाली ठेवणार नाही, समोरचं माणूस ती भरून काढेपर्यंत ती तशीच ताणली जाणार. दाराआड उभं राहून त्याला त्या शांततेचा पहिल्यांदा जाच झाला. आपण इतक्या लोकांवर हे करत आलो. काहीतरी बोला, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, मत विचारा आणि जा. पट्टीतला खांदा हलला.

“मंडईत आम्ही बायका दिवसभर असतो,” ती म्हणाली, सावकाश, नेहमी गिऱ्हाइकाला शिवणीचं सांगते त्या आवाजात. “मी, फळवाली, बटणवाली, पलीकडच्या रांगेतल्या सगळ्या. सकाळी घरून निघताना जाऊन यायचं, ते परत घरी येईपर्यंत. मधे काही नाही. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. आम्ही मग पाणीच पीत नाही. दुपारी चहासुद्धा नाही. बटणवालीला दिवस गेलेत, तिला नाही राहवत, ती बहिणीच्या घरी जाऊन येते चालत, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक निघून जातं. संध्याकाळी शेवटचा तास कसा काढतो ते आमचं आम्हाला माहीत. घरी येते तेव्हा मला समोर कोण बसलंय तेसुद्धा दिसत नाही.”

समोर तो बसलेला असायचा, आणि लागायची ती कडी संडासाची असायची. त्याने दाराच्या चौकटीला हात धरला. बाहेर पोस्टमनकाका म्हणाले, “पण मंडईमागे बांधलंय ना, बायकांसाठी? मला आठवतंय, मी टपाल टाकायचो तेव्हा काम चालू होतं.”

“बांधलंय. फीत कापली, फोटो निघाला. मीही आहे फोटोत, मागच्या रांगेत. पाण्याची जोडणी तेवढी राहिली होती, तोवर कुलूप लावलं. मग तोवर म्हणून आत झेंडे ठेवले. मग बांबू. मग शिडी. आता तिथे काय काय आहे ते तुमच्या लोकांनाच माहीत.”

त्याला माहीत होतं. कार्यकर्त्यांत त्या जागेला ‘मंडईमागची खोली’ म्हणत, इतकी वर्षं, की तिचं दुसरं काही नाव असेल हे जिभेवरून गेलं होतं. तिचं कुलूप त्याच्या ताब्यात होतं; किल्ली आत्ताही घराच्या किल्ल्यांबरोबर त्याच्या खिशात होती, मांडीला टोचत होती. परवाच तो तिथून दोन कमानी काढून आला होता. पांढऱ्या फरशा भिंतीपर्यंत, एका रांगेत दारं असलेले कप्पे. पहिल्या कप्प्यात झेंडे, दुसऱ्यात फलक, शेवटच्यात खळीचे डबे, आणि दारांवर त्याच्याच सुंदर अक्षरात खडूने तसं लिहिलेलं. हात धुवायच्या भांड्यात ब्रश उभे करून ठेवलेले. डॉक्टरांना तो कौतुकाने सांगायचा, जागा फार चांगली आहे, ओल नाही, कागद वर्षानुवर्षं टिकतो. ओल कुठून असणार, पाणीच नव्हतं. आपण वाईट माणूस नाही, हे त्याचं त्यालाही माहीत होतं, आणि आत्ता त्याचा काही उपयोग नव्हता. त्याने कुणापासून काही लपवलं नव्हतं. त्याने एक दार रोज उघडलं होतं, आत जाऊन आला होता, आणि ते काय आहे ते पाहिलं नव्हतं.

आणि तिने सांगितलं होतं. हे आठवलं तेव्हा त्या कोंदट खोलीत त्याला दरदरून घाम फुटला. तेव्हाही प्रचार चालू होता. जमिनीवर पत्रकं पसरून तो घड्या घालत होता, आणि ती म्हणाली होती, त्या मंडईमागच्या खोलीचं ताईंना सांगा ना, आम्हाला उघडून द्या म्हणावं. तो मान वर न करता म्हणाला होता, आता निवडणूक तोंडावर आली आहे, होऊ दे, मग बघू. निवडणूक झाली. आपण जिंकलो. मग त्याला वाटलं, जिंकल्या जिंकल्या लगेच घरचं काम कसं घेऊन जायचं, दिसायला बरं दिसत नाही. घरच्यांसाठी काही मागितलं नाही याचा त्याला केवढा अभिमान होता. मग कळलं, यंदाचं बजेट मंजूर होऊन गेलंय, आता पुढच्या वर्षी. मग तिने विचारणं सोडलं, आणि तिने विचारणं सोडलं म्हणजे प्रश्न मिटला, असं त्याने धरलं. प्रत्येक पत्रकात मात्र ते वाक्य होतं, मंडईत महिलांसाठी स्वच्छतागृह सुरू करणार. मजकूर लिहायला तोच बसायचा आणि मागच्या पत्रकातून ते उतरवून घ्यायचा.

“मला मधून मधून थंडी वाजून ताप येतो,” बाहेर ती सांगत होती. “यांना वाटतं दगदगीने. गोळ्या आणून देतात बिचारे. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, दिवसभर पाणी प्यायला लागा, नाहीतर किडनीवर जाईल आणि मग माझ्याकडे येऊ नका. आता गाळा सोडू की पाणी सोडू, सांगा.”

‘बिचारे’ हा शब्द त्याला कानफटात मारल्यासारखा लागला. तापात तिच्या कपाळावर हात ठेवून तो बसायचा, पट्ट्या बदलायचा, आणि त्याला वाटायचं आपण नवरा म्हणून चांगले आहोत. डोळ्यांत पाणी आलं. नाक ओढलं तर बाहेर ऐकू जाईल म्हणून त्याने तोंडाने श्वास घेतला.

“मग काय झालेलं हवंय तुम्हाला?” विमावाल्या बाईंचा आवाज आता वर्गात शिकवलेला नव्हता. तो खाली आला होता.

“ती खोली रिकामी करा, पाणी द्या आणि उघडा. मतदानाच्या आधी. नंतरचं मला सांगू नका, नंतरचं मी फार ऐकलंय.”

“कळवतो वर,” पोस्टमनकाका म्हणाले. हे उत्तर असंच द्यायचं असतं. वचन देऊ नका, कळवतो म्हणा. पेले खाली ठेवले गेले. खुर्च्या सरकल्या. दारापाशी जाऊन काकांनी, आपलं काम अर्धं ठेवून कसं जायचं म्हणून, घसा खाकरून विचारलं, “आणि मत, वहिनी?”

“ते ठरलेलं नाही,” ती म्हणाली. जिन्यावरून पावलं उतरत गेली.

तो बाहेर आला. फुगलेलं दार ढकलावं लागलं, त्याचा आवाज झाला, पण तिने वर पाहिलं नाही; विजार पुन्हा मांडीवर घेतली होती. किती बोलायचं होतं त्याला. मला कळलं नाही, हे म्हणायचं होतं. तुला ताप यायचा तेव्हा मी, हे म्हणायचं होतं. पण पावलं तिच्यापर्यंत पोचेपर्यंत डोकं आपणहून दुसरीकडेच चालायला लागलं होतं. आत्ता खोली उघडायची म्हणजे भर बाजारात, भर दिवसा, पक्षाचे झेंडे बायकांच्या संडासातून बाहेर काढायचे. समोरच्या पक्षाचे लोक फोटो काढणार. उद्याच्या त्यांच्या पत्रकावर तोच फोटो. मंडईसमोरची इमारत जाईल, तिथे सगळे अर्धे गोल आहेत. पाण्याच्या टाकीकडची गल्ली डळमळेल. ताई पडतील, एका जिन्याने पडतील, आणि पाडणारा कोण, तर नकाशेवाले. तो तिच्यासमोर उभा होता, पण त्याच्या डोळ्यांपुढे नकाशा होता, आणि तो एकेक घर पुसून पाहत होता. तेवढ्यात त्याने स्वतःचा आवाज ऐकला.

“मग तू मत त्यांना देणार?”

तिने सुई थांबवली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“मघाच्या दोघांनी हे निदान शेवटी विचारलं,” ती म्हणाली.

“तसं नव्हतं म्हणायचं मला.” तो तिच्यासमोर स्टुलावर बसला. बसल्यावर पंख्याचा वारा लागला आणि आपण किती भिजलोय ते त्याला कळलं. “तू मला सांगायचंस. असं बाहेरच्यांना... घर काठावर आहे म्हणून सगळ्यांसमोर भिंतीवर लागलं.”

“तुम्हाला सांगून झालं होतं. तुमच्या ताईंनाच मत देत आले मी, दर वेळी. तुमची माणसं ठरलेल्या घरी जात नाहीत ना, दारावरून पुढे जातात, मी खिडकीतून बघते. म्हटलं, ठरलेलं नाही म्हणून तरी बघू. आली की नाही? बसली. पाणी प्यायली. का म्हणून विचारलं आणि माझं संपेपर्यंत थांबली.” तिने टाका ओढून घेतला. “छान शिकवलंय तुम्ही त्यांना.”

यात टोमणा नव्हता. तेच त्याला सोसवेना. खोलीतला उजेड खिडकीकडे सरकत चालला होता आणि ती विजार उजेडाला धरून टाके बघत होती. त्याने खिशात हात घातला. किल्ल्यांचा जुडगा घामाने ओला लागला. ती मोठी किल्ली कुठली ते बोटांना न बघताही कळलं. मंडई अर्ध्या दिवसाने बंद झालेली, या वेळी तिथे कुत्रंसुद्धा नसेल. एकट्याने बांबू निघाले असते, झेंडे निघाले असते, नेऊन ठेवायला ही आतली खोली होती, अंथरुणांच्या बाजूला. पाण्याची जोडणी उद्या नाही तर परवा ओरडून मागता आली असती. हे सगळं त्याला स्वच्छ दिसलं, एखाद्या सोप्या नकाशासारखं, कुठून आत जायचं आणि कुठून बाहेर पडायचं. तो उठलादेखील. ती बघत होती, काहीच न मागता, फक्त बघत होती.

“उद्या डॉक्टरांच्या कानावर घालतो,” तो म्हणाला.

तिने दोरा दाताने तोडला आणि विजार झटकली.

“घाला,” ती म्हणाली. “किल्ली तुमच्याच खिशात आहे, तरी घाला.”

त्याचा हात अजून खिशातच होता. तो त्याने बाहेर काढला नाही.